फोटोत आलेली वायर

वीज महाग झाली, पालिकेने बिल भरलं नाही आणि आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, नळाचा पंप बंद पडला. सुजाताबाईने आपल्या पिठाच्या चक्कीवरून वायर टाकून तो चालू केला. वाढलेल्या दराने तिचीच चक्की मरायला टेकली होती, तरी तीन आठवडे सगळा पारा तिच्या मीटरवर पाणी प्याला. काल वॉर्डाचा नगरसेवक, आमचा पार्षद, हार घालून, फोटोग्राफर घेऊन आला. पाणी म्हणे त्याने आणलं. नळाखाली हात धरून दात काढताना म्हणाला, “दीदी, वायर फोटो में आ रहा है, ढक दो ना.” “हव भैया, काढूनच टाकते,” म्हणत तिने वायर उपटली. धार तुटली. पार्षदाने रांगेतल्या बायांना ओले हात जोडले. “देख लो, पानी किसने बंद किया.” हंडे टाकून बाया सुजाताबाईच्या अंगावर धावल्या. सगळ्यांत पुढे माझी आई होती.