आईचा कॅमेरा

आजाराने आईचे हातपाय गेले, मग वाचा गेली; हलते उरले ते फक्त डोळे. स्क्रीनखालचा एक जुना कॅमेरा तिची नजर टिपायचा, ती एकेक अक्षर निवडायची आणि कॉम्प्युटर तिच्या वतीने बोलायचा. पण हल्ली तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच 'सिस्टीम जुनी झाली, नवी घ्या' अशी सूचना अक्षरांवर येऊन बसायची. वैतागून लेकीने नवी सिस्टीम टाकायचं ठरवलं. मेमरी, प्रोसेसर, डिस्कवरची जागा, सगळं चालेल असं तपासणीत आलं. "कॅमेऱ्याचं बघितलंस का?" स्क्रीनवरून आईने विचारलं. "हो गं, किती काळजी करशील," लेक म्हणाली. तिने बघितलं नव्हतं. नवी सिस्टीम झकास सुरू झाली, कॅमेऱ्याला मात्र तिने ओळखच दाखवली नाही. दुरुस्तीवाल्याने बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. "ह्या कॅमेऱ्याची कंपनीच बुडालीय, ताई, नव्या सिस्टीमवर तो चालायचा नाही. जुनी सिस्टीम परत टाकायची तर तिची सीडी हवी." सीडी कुठेच सापडली नाही. लेकीने कागदावर मोठी अक्षरं काढली आणि ती पलंगापाशी बसून एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. "आई, हवं ते अक्षर आलं की डोळे मिट." आईने सावकाश दोन शब्द जुळवले: राहू दे. "रागावलीस?" लेकीने विचारलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. बोट शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं, परत पहिल्यावर आलं. आई उघड्या डोळ्यांनी खिडकीकडे बघत राहिली.