बारावा डॉक्टर

"पित्त झालंय तुम्हाला," अकराव्या डॉक्टरनं सांगितलं. "गोळ्या लिहून देतो. तिखट बंद करा. आणखी काही?"

तपासनीस बाईनं तोंड उघडायच्या आतच फोन बंद झाला होता. तीन मिनिटं वीस सेकंद. तिनं समोरच्या तक्त्यात अकरावी फुली मारली आणि कपाळ टेबलाला टेकवलं.

सकाळपासून ती खोटी पेशंट होऊन ऑनलाइन दवाखान्यांना फोन करत होती. तिचं कामच ते. पलीकडच्या डॉक्टरला आपली परीक्षा चाललीय याचा पत्ता नसायचा. दुखणं सगळीकडे एकच सांगायचं : बरगडीखाली टोचतं, जिना चढताना धाप लागते, परवाच लांबचा प्रवास झालाय. पाय दुखतो हे मात्र आपणहून बोलायचं नाही. डॉक्टरनं विचारलं तरच सांगायचं. पोटरीत धरलेली गुठळी फुप्फुसात शिरली की माणूस बघता बघता जातो, हे ज्याला ठाऊक आहे तो विचारणारच.

अकरापैकी एकानंही विचारलं नव्हतं.

दार ढकलून साहेब आत आले. तक्त्यावर नजर टाकून त्यांनी उसासा सोडला. "बाई, हे काय, नुसत्या फुल्यांचा सडा घातलाय! पाचला समिती बसतेय. एकही सेवा पास नाही म्हटल्यावर सगळ्यांनाच टाळं लागेल. डोंगरापलीकडच्या माणसांनी मग दाखवायचं कुणाला? त्यांना तर फोनवरचाच डॉक्टर."

"आणि तो असा असला तर, साहेब?"

साहेब खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिले. "अजून एक सेवा उरलीय ना? बघा. पण दुखणं जरा सोपं घ्या की. सर्दी-खोकला घ्या."

"दुखणं हेच राहील."

साहेब तिथेच खुर्ची ओढून बसले. हे दुखणं कुणाचं होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

ते तिच्या धाकट्या बहिणीचं होतं. सव्वीस वर्षांची, शाळेत शिकवायची, अखंड बडबड करायची. दोन वर्षांपूर्वी बसच्या लांबच्या प्रवासातून आली आणि दुसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं म्हणून तिनं फोनवरच डॉक्टर गाठला. स्नायू आखडलाय, असं त्यानं सांगितलं. धाकटी निर्धास्त होऊन आडवी झाली ती उठलीच नाही. कंपनीनं त्या डॉक्टरचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि पुढे कंपनीनंच गाशा गुंडाळला. आईनं अजूनही धाकटीची चादर धुतलेली नाही. तपासनीस बाईनं हे काम मागून घेतलं ते त्यानंतर.

तिनं बारावा नंबर लावला.

"बोला." पुरुषी, थकलेला आवाज.

तिनं तेच गाणं पुन्हा सुरू केलं. बरगडी. धाप. प्रवास. सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं, पण प्रत्येक वेळी एका जागी ती अडखळायची, कारण ते वाक्य धाकटीचं होतं. फोनवर ती डॉक्टरला जे म्हणाली होती, आईनं शेजारी बसून ऐकलेलं, तेच, जसंच्या तसं. "श्वास आत जातच नाही हो धड. मध्येच कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं होतं."

पलीकडची कीबोर्डची टकटक एकदम थांबली.

"डॉक्टर? ऐकताय ना?"

"पाय." आवाज एकदम चढला. "पोटरी दुखते का? एकाच पायाची?"

तिच्या हातातलं पेन खाली पडलं. "हो. डाव्या."

"सुजलीय? हाताला गरम लागते?"

"हो."

"नीट ऐका. हे फोनवर बरं होणारं दुखणं नाही. आहात तिथंच बसा, चालू नका. घरात कोण आहे? पत्ता सांगा, मी इथून रुग्णवाहिका पाठवतो. आणि फोन ठेवायचा नाही. गाडी दारात येईपर्यंत मी बोलत राहणार. कळलं? पत्ता सांगा!"

डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. दोन वर्षं, आणि आज कुणीतरी विचारलं.

"बाई, घाबरू नका. तुम्हाला मी काही होऊ देणार नाही. आधी पत्ता!"

"डॉक्टर, थांबा. गाडी नका पाठवू." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी पेशंट नाही. ही सरकारी तपासणी आहे. माफ करा."

पलीकडे खुर्ची करकरली. मग लांब सोडलेला श्वास. "म्हणजे... तुम्ही बऱ्या आहात?"

"ठणठणीत."

"बरं झालं," तो म्हणाला. "फार बरं झालं." रागाचं अक्षर नाही.

बोलता बोलताच तिनं तक्त्यात बाराव्या नावापुढे पैकीच्या पैकी गुण भरले. शेरा लिहिला, 'या डॉक्टरच्या हाती मी माझं माणूस निर्धास्त सोपवीन.' खाली सही केली आणि कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी हात जोडले आणि समितीच्या खोलीकडे जवळजवळ धावतच सुटले.

"डॉक्टर, एक विचारू? हे तपासणीतलं नाही, माझं आपलं." "सकाळपासून अकरा जणांना फोन केले. पायाचं एकालाही सुचलं नाही. तुम्हालाच कसं सुचलं?"

पलीकडे खुर्ची पुन्हा करकरली.

"दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीत होतो," तो म्हणाला. "एका मुलीचा फोन आला होता. हाच त्रास, शब्दही अगदी हेच. मी तिला म्हणालो, स्नायू आखडलाय, जरा पडून राहा."