सात छर्रे

बेरिट हॉगनने तपकिरीची रिकामी डबी काउंटरवर उपडी केली. सात छर्रे घरंगळले. क्लाइडने हात आडवा धरून ते अडवले.

क्लाइडच्या बंदुका-काडतुसांच्या दुकानात एवढ्या सकाळी गिऱ्हाईक असं दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या कुरणाचा लेस्टर होता, पण तो शेगडीवरची फुकटची कॉफी प्यायला आलेला. बेरिटचा नवरा अर्विड बाहेर पिकअपमध्येच बसून होता, टोपी कपाळावर ओढून, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन. मोंटानातला एप्रिल, कुंपणाच्या कडेला बर्फ अजून होतं.

छर्रे कालच्या कायोटीच्या, म्हणजे त्या कोल्ह्याहून थोराड रानलांडग्याच्या, मादीतून निघाले, असं बेरिटने सांगितलं. तिनेच ती मेंढवाड्यामागे रायफलने पाडली होती. कातडं सोलताना सुरी अडली. दोन छर्रे जबड्यात होते, पाच खांद्यात, आणि वर मांस भरून आलेलं. खालचा जबडा मोडून तिरका सांधला होता. तसल्या तोंडाने रानातला ससा धरता येत नाही. धरता येतात ती जन्मून तास झाला नाही अशी ओली कोकरं. यंदा हॉगनांची एकोणीस गेली होती. त्यातली पाच सकाळी सापडली तेव्हा अजून जिवंत होती.

क्लाइडने एक छर्रा मापात धरला. पोलादी, दोन नंबर. रानहंसांच्या शिकारीचा.

लेस्टर हसला. "कुठल्या आंधळ्याने हो वहिनी, कायोटीवर हंसाचे छर्रे झाडले? तिला वाटलं असेल, लग्नाचे तांदूळच पडतायत."

"अर्विडने," बेरिट म्हणाली. "नोव्हेंबरात. नेम चुकला म्हणाला होता. ती पडून उठलेली त्याला दिसलीच नाही."

लेस्टर कपात बघत राहिला.

क्लाइड फळीकडे वळला आणि जरुरीपेक्षा जास्त बोलू लागला. त्याने एक डबा काढला, तो परत ठेवला. त्याच्या एका काडतुसात नऊच गोळ्या, वाटाण्याएवढ्या. चाळीस पावलांवर त्या इतक्या फाकतात की कायोटी मधून सुखरूप निघून जातो. मग दुसरा डबा काढला, चार नंबरचा. यात शिशाच्या एकेचाळीस गोळ्या, चाळीस पावलांपर्यंत दाट राहतात, बरगडी फोडून आत जातात. जनावर जागेवर बसतं. पण त्यापलीकडे नको. मग त्याने विचारलं, अर्विडला किती लांबचं दिसतं?

अर्विड चर्चमध्ये अजून पहिल्या बाकाशी उभा राहून गायचा. त्याचा खर्ज लागल्याशिवाय पाद्री पहिलं कडवंही उचलत नसे, हे क्लाइडलाही ठाऊक होतं. क्लाइड त्याच्या मागच्याच बाकावर असे.

"रविवारी सगळी कडवी गायला," ती म्हणाली. "पानंही वेळच्या वेळी उलटली. पुस्तक उलटं होतं, क्लाइड. मी सरळ केलं नाही. लोक बघत होते."

बंदूकच काढून घ्या, असं लेस्टर हळूच म्हणाला. त्यात आता थट्टा नव्हती. बेरिटने मान हलवली. बंदूक नसेल तर तो मेंढवाड्याशी राखणीला बसायला जाणार नाही. त्याचा बाप तिथेच बसायचा. बसणं सुटलं की हा माणूस पुढचा हिवाळा बघायचा नाही. आणि बंदूक राहिली, तर आणखी एखादी कायोटी असाच मोडका जबडा घेऊन सुटेल, नाहीतर एक दिवस समोर कुत्रा असेल.

मग तिने ज्यासाठी आली होती ते मागितलं. शिकारी कुत्र्यांची पिल्लं आवाजाला सरावावीत म्हणून वाजवतात ती काडतुसं. आत नुसती दारू, छर्रा एकही नाही. आवाजाने कायोटी पळतील, तेवढं पुरे.

क्लाइडने चार नंबरचा डबा रिकामा केला. त्यातली पाच खरी काडतुसं बेरिटने स्वतःच्या खिशात टाकली. डब्यात पाच पोकळ गेली.

"हाताला हलकी लागतात ही," क्लाइड म्हणाला. "ओळखेल तो."

"देव करो आणि न ओळखो."

दारावरची घंटा वाजली. आधी कुत्रा आला, मागून चौकटीला हात लावत अर्विड. पन्नास वर्षांत त्याची काडतुसं दुसऱ्या कुणी निवडली नव्हती, आज का निवडावीत, असं तो कुणाकडे न बघता म्हणाला. मग क्लाइडने काय दिलं, ते त्याने विचारलं.

"चार नंबर," क्लाइड म्हणाला.

अर्विडने काउंटर चाचपला. डब्याच्या आधी बोटांखाली एक छर्रा आला. त्याने तो चिमटीत धरून फिरवला. दुसरा शोधला. सातही एकेक करून गोळा केले आणि खिशात टाकले. मग डबा उघडला, एक काडतूस काढून दुसऱ्या तळहातावर ठेवलं आणि हात किंचित वर-खाली केला. एकदा. पुन्हा एकदा.

बेरिटचा हात खिशात होता. तिथली पाच काडतुसं एकमेकांवर वाजू नयेत म्हणून तिने ती घट्ट धरली होती.

अर्विडने काडतूस परत डब्यात ठेवलं आणि झाकण बोटांनी नीट दाबून लावलं.

"चांगली जड आहेत," तो म्हणाला.