सोड म्हणेपर्यंत

पेडल खाली चाललं होतं.

हेमलताबाईंना आधी वाटलं, आपलाच पाय थकला. सकाळपासून दोन तास त्या जुनाट पिकअपच्या सीटवर बसून त्या नवऱ्याचे हुकूम झेलत होत्या. गाडीखालून श्रीपादराव ओरडायचे, "दाब!" बाईंनी ब्रेकचं पेडल दाबायचं आणि म्हणायचं, "दाबलं!" मग खाली पान्याने काहीतरी सैल व्हायचं, नळीतली हवा फुसफुसत बाहेर पडायची, पुन्हा घट्ट व्हायचं आणि मगच हुकूम यायचा, "सोड!" त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत आणि सगळी मेहनत पाण्यात. एकदा त्यांनी घाई केली होती, तर अर्धा तास बोलणी खावी लागली. सोड म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही, गाडीबद्दल एवढं एकच ज्ञान त्यांना होतं.

पण पाय थकला नव्हता. पेडलच खाली जात होतं, भिजल्या कणकेत बोट रुतावं तसं, हळूहळू.

गाडी उभी होती गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीत, तळघराकडे जाणाऱ्या उतारावर, तोंड खाली करून. चाकांखालच्या विटा श्रीपादरावांनीच दहा मिनिटांपूर्वी काढल्या होत्या. "नुसत्या ब्रेकवर उतारावर उभी राहिली की पास!" हँडब्रेकची तार केव्हाच तुटलेली. गिअरमध्ये टाकली तर गाडी अडते, हे बाईंना ठाऊक नव्हतं आणि श्रीपादरावांना ठाऊक असून चालणार नव्हतं, कारण मग परीक्षा कसली? गाडी उभी राहिली तेव्हा "बघितलंस?" म्हणून ते लहान मुलासारखे हसले. मग मागे कुठेतरी त्यांना एक थेंब दिसला आणि हत्यारांची पेटी पुढे सरकवून ते पुन्हा खाली शिरले.

साठ वर्षांच्या गाडीच्या ब्रेकच्या नळ्या गंजून पापड झाल्या होत्या. नव्या घ्यायला गेले तेव्हा दिल्लीतल्या कश्मीरी गेटच्या स्पेअर पार्टवाल्या दुकानदाराने बजावलं होतं, "अंकलजी, स्टील वाली ले जाओ. एसी वाली पाइप ब्रेक में मत डालना, प्रेशर नहीं झेलेगी." पण श्रीपादरावांनी चौतीस वर्षं सरकारी कचेऱ्यांचे एसी सांभाळले होते. तांब्याची नळी कापावी, तिचं तोंड फुलवून बसवावी, यात त्यांचा हात धरणारा दिल्लीत कोणी नव्हता, असं निदान त्यांचं म्हणणं होतं. "तांबं ते तांबं. त्यातून गॅस जातोय की ब्रेक ऑइल, नळीला काय कळतंय?"

नळीला कळलं होतं.

"अहो," बाई म्हणाल्या.

"दाबून धर."

"अहो, ते खाली जातंय."

"थोडी हवा असेल. तू सोडू नकोस फक्त."

बाजूच्या आरशात बाईंना नवऱ्याचे पाय दिसत होते. गाडीबाहेर आलेले, निळ्या पट्ट्यांच्या स्लिपरांतले. कंबरेपासून वर माणूस गाडीखाली. आणि पायांच्या मागे, हातभर अंतरावर, मागचं चाक.

सोडलं तर गाडी जाणार, दाबून धरलं तरी जाणार. त्यांनी दुसराही पाय पेडलवर ठेवला. तरी ते रुततच राहिलं.

"अहो, बाहेर या! अहो!"

"दोन मिनिटं, हेमा."

अडतीस वर्षं झाली, त्या दिवसातून पन्नास वेळा 'अहो' म्हणत होत्या. चहा निवतोय म्हणून, दारात कुरिअरवाला आलाय म्हणून, चष्मा डोक्यावरच आहे म्हणून. आणि पन्नासही वेळा उत्तर यायचं, दोन मिनिटं. त्या हाकेला कोणी दचकावं असं तिच्यात काही उरलंच नव्हतं.

पेडल तळाला टेकलं. चाकाखाली एक खडा कुरकुरला.

"श्रीपाद!"

लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. खाली पाना सिमेंटवर पडला. आरशातले पाय एकदम आखडले आणि बासष्ट वर्षांचा माणूस गडबडा लोळत गाडीखालून बाहेर आला, भिंतीला आपटला.

गाडी पुढे सरकली. मागचं चाक तिथेच राहिलेल्या एका स्लिपरवरून गेलं, पुढे हत्यारांच्या पेटीला भिडलं, पेटीचा पत्रा कडकडत चेपला, आणि तिच्यावर अडून गाडी थांबली.

श्रीपादराव भिंतीपाशी बसून त्या स्लिपरकडे बघत राहिले. मग उठले, चाकांखाली विटा सारल्या आणि खिडकीशी आले.

"हेमा, सोड."

बाई समोर बघत होत्या. दोन्ही पाय पेडलवर, दोन्ही मुठी स्टिअरिंगवर.

"थांबली गाडी. सोड आता."

"येत नाहीये," बाई म्हणाल्या. "पाय निघत नाहीयेत."

श्रीपादरावांनी दार उघडलं. खाली गुडघे टेकून, ऑइलने बरबटलेल्या हातांनी त्यांनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा. दोन्ही टाचा तळहातांत धरून ते तसेच बसले. मग ते पाय खाली ठेवायचं त्यांना सुचेना.