पालखीचा मान

“तलवार पालखीत ठेव आणि बाहेरच थांब,” वेशीवर कारभारी धुरपाला म्हणाला. राक्षस मारणाऱ्यांना गावात बंदी होती. मान त्यांच्या तलवारीला. ती शालीखाली झाकून पालखीतून राजवाड्यात जाई.

धुरपाने भावाची बाही वर केली. सकाळी मनगटाशी असलेलं राक्षसाचं विष आता कोपर ओलांडून गेलं होतं. दुपारपर्यंत ते छातीत पोचणार होतं.

“वैद्यांना तरी बोलवा.”

“वैद्य दाराशी आलेल्या कुणालाही औषध देतात. पण दार गावात आहे.”

“मग आम्हाला आत सोडा!”

“राक्षस मारलास म्हणून काय सोयरीक करायची तुमच्याशी?”

कारभारी हार आणायला वळताच धुरपाने भावाला पालखीत निजवलं, वर शाल ओढली आणि तलवार गवतात फेकली. चारही भोई नुसते बघत राहिले.

कारभाऱ्याने शालीवर हार ठेवला. भोयांनी पालखी उचलली, तसं आतून कण्हणं ऐकू आलं.

“कोण रे ते?”

“मीच, सरकार,” पुढचा म्हातारा भोई म्हणाला. “तलवार फार जड आहे. वैद्यांच्या दारात खांदा बदलावा लागेल.”