दोरीच्या आत

पनवेलहून खास सफरीला निघालेलं वाफेचं जुनं इंजिन विचुंब्याच्या वळणावर आलं आणि ड्रायव्हर कमळाकरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. फोटोवाल्यांना लांब ठेवायला बांधलेल्या दोरीच्या आत, रुळाला खेटून, एकजण कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता. सकाळी फलाटावर सगळ्यांना "दोरी ओलांडायची नाही" असं बजावणारा फोटोवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष सत्यजीतच होता तो. कमळाकरनं शिट्टीवर शिट्टी दिली, करकचून ब्रेक मारला. इंजिन त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. कमळाकर खाली उतरला. "तुज्या आईला काय सांगितलं असतं मी? फोटो चांगला आलाय म्हनून?" "सॉरी काका," सत्यजीत हसून म्हणाला, "पण थांबलाच आहात, तर जरा धूर सोडा ना." दोरीमागून टाळ्या पडल्या. कमळाकरनं कोळशावरची ताडपत्री ओढून काढली, इंजिनाच्या तोंडावर बांधली. गाठ आवळत तो म्हणाला, "काढा आता फोटो."