रिकामी खाट

कन्येच्या प्रसूतीसाठी आलेल्या वृद्ध कवींना प्रसूतिगृहाच्या भिंतीवर आपलीच कविता दिसली आणि ते अस्वस्थ झाले. पत्नीच्या निधनानंतर लिहिलेल्या त्या ओळी तिथल्या परिचारिकेने सुवाच्य अक्षरांत उतरवून लावल्या होत्या :

‘खाट रिकामी झाली, उशीला ऊब उरली;
पावले जिना उतरून गेली, आणि दारात मी.’

“बाई, हे शोककाव्य आहे. या मंगल स्थळी ते शोभत नाही. कृपा करून उतरवा.”

“शोक कसला, आजोबा?” चादर झटकत परिचारिका म्हणाली. “बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली की खाट रिकामी होते, आणि निरोप द्यायला दारात मीच असते. दर वेळी या ओळी म्हणते मी. लिहिणारा नक्की आमच्यातलाच कुणीतरी असणार, बघा.”

कवींनी आपली ओळख दिली नाही.

तिसऱ्या दिवशी नातीला कुशीत घेऊन कन्या जिना उतरली. कवी मागे रेंगाळले. त्यांनी उशीवर हात ठेवून पाहिला, ऊब होती. नऊ वर्षांत जी कविता त्यांना एकदाही अखंड म्हणता आली नव्हती, ती त्यांनी दारात उभे राहून शेवटपर्यंत म्हटली.

“पाठ झाली की तुम्हाला,” मागून परिचारिका म्हणाली. “फक्त जरा हसून म्हणायची असते ती.”

कवींनी ती पुन्हा, तिने सांगितली तशी म्हटली.